शंभरात आठ

"तुझा ता नेमका काय चल्ला हा गो, शरयू?"
आबांनी विचारलं, दांताळं बांधाला टेकवून.
एप्रिल. सकाळचे सात. शिरोड्याची खाडी
ओहोटीच्या शेवटाला, चिखलात खेकड्यांची घाई.

बिस्मथ, मी म्हटलं. त्यात थोडं अँटिमनी.
"ता पोटाचा औषध?"
हो, तेही. पण माझा तुकडा
करंगळीच्या नखाएवढा, आणि हट्टी:
गोठताना फुगतो, पाण्यासारखा.
पहिल्या वर्षी तीन काचनळ्या फोडल्या त्यानं.
तिसरी फुटली तेव्हा ढवणसरांनी चहा पाजला,
बोलले काहीच नाहीत.

गारठवून, पातं नीट लावलं
की बांगड्याची पाठ उकलावी तसा उकलतो,
आणि आत आरसा.
त्यात माझा डोळा, वाकडा.

आबा, पुरता धातू नव्हे हा.
खालचा पट्टा भरलेला, वरचा रिकामा,
पण वरच्याचा तळ
खालच्याच्या माथ्यापेक्षा केसभर खाली.
म्हणून थोडं इकडचं तिकडे झिरपतं,
लाख अणूंमागे एखादा इलेक्ट्रॉन,
आणि तो गेला तिथे त्याची पोकळी.
तेवढ्यावर सगळा संसार.

"म्हंजे खाजन," आबा म्हणाले.
"गोडा नाय, खारा नाय."

मी गप्प.
आख्खं एक प्रकरण लिहिलं होतं मी
ह्या एका शब्दाच्या जागी.

अँटिमनी घालत गेलं की पट्टे सरकतात,
शंभरात सातपर्यंत गळती आटते.
आठाला फट पडते मध्ये,
इतकी अरुंद की खोलीतली ऊबही
ती सहज ओलांडून जाते.
म्हणून हेलियम, म्हणून त्याच्या टाकीसाठी
महिनामहिना ताटकळणं.

आणि मग चुंबक.
क्षेत्र लावलं की इलेक्ट्रॉनला सरळ चालणं नाही,
गरगर फिरायचं,
आणि अखंड होतं ते कुप्प्याकुप्प्यांत तुटतं,
हे समोर आहे तसंच:
ह्या कुप्प्यात पाणी, त्या कुप्प्यात पाणी,
बांधावर कोरडं.
क्षेत्र वाढवावं तशा पायऱ्या वर चढतात,
एकेक रिकामी होते,
दर वेळी आलेखाला उचकी लागते.

मार्चमध्ये, रात्री दोनला,
फटीच्या दोन काठांवरच्या शेवटच्या दोन पायऱ्या
एकमेकींकडे येऊ लागल्या.
सहा टेस्ला. सात.
छेदतील, फट मिटेल, पुन्हा खाजण होईल,
(तेव्हा हा शब्द नव्हता माझ्याकडे)
मी वहीत तसं लिहूनही टाकलं, पेननं.
अगदी जवळ आल्या,
आणि वळल्या.
न शिवता. गावकीत वाकडं असलेल्या दोन घरांतल्या बायका
विहिरीच्या वाटेवर समोर याव्यात तशा.

ढवणसर म्हणाले, निसर्ग असेल हा.
किंवा तुझा नमुना दीड अंश कललेला असेल.
अक्षावर अचूक बसला तर छेदतात,
जरा कलला की एकमेकींत मिसळतात
आणि वाट बदलतात.
कोणतं खरं?
त्यांनी खांदे उडवले. हेलियम संपलं होतं.

हे सगळं मी आबांना सांगितलं नाही.
फक्त कललेलं सांगितलं.
ते उठले, चपला बांधावर ठेवून.
"आदी तळ बग. तळ वाकडो आसलो
तर मीठ धरूचा नाय.
मगे खाऱ्या पाण्याक गाळी देवन काय उपेग?"

खोपीतून पारदर्शक नळी आणली, वीस हात लांब,
पाण्यानं भरलेली, दोन्ही टोकं बुचांनी बंद.
एक टोक मला दिलं, एक त्यांनी धरलं,
कुप्प्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले,
गुडघ्याएवढी धोतराची वळकटी, पायांना पांढरी चिरं.

"सोड बुच."

पाणी हेलकावलं. माझ्याकडे वर, त्यांच्याकडे वर,
पुन्हा माझ्याकडे.
वारा नव्हता. आम्ही दोघं श्वास धरून.
मग थांबलं.

"किती?" त्यांनी ओरडून विचारलं.
मी बोट लावलं काठीवरच्या खुणेला.
खुणेच्या बोटभर वर.
कोपरा माझा खचला होता.