मालक आहेत का

नऊ वर्षं मी लोकांच्या नावावर जगले.
दवाखान्याची पाटी, दुसऱ्या गेटाजवळच्या बेकरीची,
वकिलांची पितळी, पदव्यांसकट,
वर कन्नड, खाली मराठी,
कधी कुणाच्या हट्टापायी उलट.
अक्षरं माझी, नाव त्यांचं,
पैसे महिन्याअखेर,
म्हणजे पुढच्या महिन्यात कधीतरी.

"थोडं मोठं करा."
करते.
"आधीचंच बरं होतं."
बरं.
"आणि दर?"
"सरांना विचारून सांगते."

सर कुणीच नव्हते.
आकडा सांगताना जीभ अडखळायची
म्हणून मीच केले होते तयार.
फार कडक निघाले.
पन्नास रुपये कमी करत नाहीत.
मी नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली.

मग खानापूरला, बसवाण्णी मामांच्या भट्टीत
वीतभर मातीची पाटी भाजून बघितली.
नाव सुचेना, 'नमुना' असंच कोरलं.
मामा उलटसुलट करून म्हणाले,
"हे कुणाचं आडनाव म्हणायचं गं?"

घरांच्या पाट्या, मातीच्या, दोन्ही लिप्यांत,
ऑनलाइन विकायच्या.
बोलताना सोपं वाटलं.
रात्री वडगावात शेजारचे माग थांबल्यावर
अर्ज उघडला.
व्यवसायाचं नाव. भरलं.
पत्ता. भरला.
मालक.
रिकाम्या चौकटीत उभी काडी लुकलुकत राहिली.

दुसऱ्याच्या नावात कितीही अवघड जोडाक्षर येऊ दे,
मी जागा करून देते.
नागरत्ना किणेकर,
यातला त्न मी कधी अंगठ्याहून मोठा काढलेला नाही.
काम बिघडलं तर आजवर गिऱ्हाईकाला अक्कल नव्हती.
आता बिघडलं तर?
चौकटीत 'ना. कि.' एवढंच लिहिलं
आणि दिवा मालवला.

अकरा दिवस काही नाही.
दुकानात चाळीस जण येऊन गेले, असं पडद्यावर दिसे.
त्यातली अडतीस मी.
दोन वेळा निपाणीची मामेबहीण,
तीही बहुधा चुकून.

बाराव्या दिवशी एक पाटी गेली गोकाकला,
भाताच्या पिंजरात गुंडाळून.
सोळाव्या दिवशी फोन.
"मालक्र अदारेनरी?"

सवयीनं तोंडातून गेलं,
"थांबा, देते."
आणि फोनवर तळहात ठेवला.

खोलीत पुठ्ठे, सुतळी, वजनकाटा.
खुर्ची होती.
खुर्चीत नवी पिंजराची पेंढी होती.
पलीकडे माणूस थांबला होता.
मालकाला आतल्या खोलीतून बाहेर यायला
किती वेळ लागत असेल?
चप्पल घालून?
तेवढा मोजला.
मग हात काढला, आणि त्याच आवाजात,
दुसरा कुठून आणणार,
"हं, हेळ्री."

तो जरा गप्प.
मग सांगू लागला:
आईचं नाव होतं, वाटेत वेलांटी तुटली,
म्हातारी म्हणते अपशकुन.
मी म्हणाले, दुसरी पाठवते, पैसे नकोत.
बोलून गेल्यावर कळलं
की कुणालाच विचारलं नाही.

सहाशे चाळीस रुपये, अधिक कुरियर.
वहीत तोटा म्हणून लिहिले.
हात थरथरत होता, सात चारसारखा आला.
रात्रभर हिशेब डोक्यात,
पहाटे पुन्हा वाटलं, बंद करावं,
त्या बेकरीवाल्याला फोन करावा,
बोर्ड जुना झालाय त्याचा.

केला नाही.
सकाळच्या बसनं खानापूरला गेले.
म्हातारीचं नाव पुन्हा कोरलं,
वेलांटी जरा जाड ठेवून.
"बारकं अक्षर फुटतंय बघ," मामा म्हणाले,
"पोटात माती लागते त्याला."

फळीवर थोडा गोळा उरला होता.
वाया कशाला घालवायचा
म्हणून थापला,
आणि नागर पर्यंत आले.
त्न मोठा काढला. वीतभर पाटीत निम्मा तोच.
तिरका आला.
पुसायला ओलं फडकं उचललं,
तेवढ्यात मामांनी पाटी
त्यांच्या मडक्यांशेजारी नेऊन लावली
आणि भट्टीचं तोंड लिंपायला घेतलं.