वाळू निवू दे

उद्यमबागेत, माझ्या शेडमध्ये, जुन्या लेथशेजारी
खिळ्याला सुतळीनं बांधलेली एक वही आहे.
चौघांची. म्हणजे
पॅटर्नवाला बडिगेर,
हळगेकर आणि सांबरेकर यांच्या दोन फौंड्र्या,
आणि मी, मशिनिंगवाली, सगळ्यात शेवटची,
जिच्या बोअरिंग टूलखाली
दुसऱ्याची चूक उघडी पडते.

पंपाच्या एकशे चाळीस बॉड्या आल्या होत्या.
सदतीसांत भोकं,
मसुरीएवढी, आतून चकचकीत.
बडिगेर म्हणाला, पॅटर्नला व्हेंट दिलेत.
हळगेकर म्हणाले, कोअर कोरडे होते.
सांबरेकर काहीच म्हणाले नाहीत.
आपला फुकट गेलेला माल ते रात्री वितळवतात,
हे त्यांच्या चिमणीनंच सांगितलं.

तेव्हा वही आली. रकाने मी आखले:
तारीख, ओलावा, बेंटोनाइट, काय बिघडलं.
शेवटच्या रकान्यात दोन महिने
सगळे ‘ठीक’ लिहीत राहिले.

मग दुंडाप्पाला बोलावलं. चाळीस वर्षं मोल्डिंग, अक्षरशत्रू.
त्यानं वाळू मुठीत दाबली, मोडली,
मोडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.
“साक की,” म्हणाला.
हे कुठल्या रकान्यात घालायचं?
मी तसंच लिहिलं: साक की.
सगळे हसले. आणि त्या दिवशी पहिल्यांदा
खालच्या ओळीत कुणीतरी खरं लिहिलं:
काल अकरा गेले. आमचेच.

पुढं एक पान फाटलं.
सतरा तारखेचं. हळगेकरांचं मिश्रण होतं त्यावर,
वजनासकट.
“गिऱ्हाईक वेगळं, पोट वेगळं,” ते म्हणाले,
“वही कशाला एक?”
मी ती खिळ्यावरून काढली नाही.
का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

बाराव्या दिवशी पान परत.
चार घड्या, तेलाचे डाग,
डिंकानं चिकटवलेलं, जरा तिरकं.
समासात पेन्सिलीनं, कानडीत:
उसुक आरलि.
वाळू निवू दे.
सकाळच्या ओतकामातली गरम वाळू
दुपारी तशीच परत वापरत होते, दोघंही.

बडिगेर अक्षर ओळखायला वाकला.
मी वही मिटली.
“बरी,” म्हणाला तो. कानडीत म्हणजे, लिही.
मराठीत घेतलं तरी चाललं असतं.

नवा रकाना आखलाय,
त्याला नाव काय द्यावं ते ठरलेलं नाही.
तोवर रोज सकाळी दुंडाप्पा येतो
आणि तिथं
काळं बोट उमटवून जातो.