आकाश पांगेपर्यंत

हरदच्या शेतात रात्री अडीचला
स्टिअरिंगवरचे हात मी काढून घेतो.
ट्रॅक्टर आपला आपण चालतो,
वाळूत तासाला तास लावत.

पडद्यावर अकरा उपग्रह.
तरी सायलोपाशी आलो की
रेघ वीतभर सरकते. दर खेपेला.

ताजसिर, सुदानी फोरमन, चहा ओतता ओतता म्हणाला,
किती आहेत ते मोजू नकोस, कुठे आहेत ते बघ.
पश्चिम सायलोने खाल्ली, उत्तरेला खजुरांची भिंत,
उरलेले अकराच्या अकरा एका कोपऱ्यात,
बसची वाट बघणाऱ्या वऱ्हाडासारखे.
एका जागेवरून सगळ्यांना तेच दिसणार.
एखादा पार क्षितिजाशी हवा, एखादा डोक्यावर.
थांब वीस मिनिटं. पांगतील.

इंजिन बंद केलं. घरी पहाटेचे पाच,
चूल पेटली असणार, म्हणून फोन लावला.
थोरला, धाकटा, वहिनी, मग झोपेतला पुतण्या :
आई बरी आहे. बरी आहे. आहे बरी.
चौघंही एकाच ओट्यावर उभे.

मग धरणापलीकडच्या चंपूकाकूचा नंबर काढला.
वाटणीपासून सात वर्षं अबोला.
उचलला. नाव विचारलं नाही.
"चमच्यानं पाणी घेते रे ती," म्हणाली,
"परवापासून तेवढंच."

पडद्यावरचा आकडा उतरला.
ताजसिरने लांबून बॅटरी हलवली.
सायलो ओलांडून ट्रॅक्टर सरळ गेला,
बोटभरही न ढळता.
मी हात स्टिअरिंगवरच ठेवले,
गरज नव्हती तरी.