पेन्सिलीची फुली

ग्रिम्सबीहून आणलेल्या बॅगेत
बाबांच्या गुडघ्याच्या पट्ट्यांखाली
तीन पत्रकं निघाली, तिकडच्या उमेदवारांची.
दाराच्या फटीतून पडलेली,
वाचू वाचू म्हणत मी तशीच कोंबलेली.

बाबांनी ती बाजेवर मांडली,
एकावर अडकित्ता, एकावर चष्म्याचं घर,
एकावर तळहात.
एकतीस वर्षं कोतवाल. अरुणावतीला पूर असताना
मतपेटी डोक्यावर घेऊन उतरलेला माणूस.

"तुले कसं काय मत देता येते तिथं?"
म्हटलं, येतं. जुन्या राज्यातल्या देशांचे आपण,
तिथं राहिलो की चालतं.
"म्हन्जे राज्य गेलं, यादी राह्यली,"
म्हणाले, आणि खूश झाले.

"बटन असते का चिठ्ठी?"
चिठ्ठी. आणि दोरीला बांधलेली पेन्सिल,
तिनं फुली मारायची.
"पेन्सिल!"
बाबा बाजेवरून उठलेच.
"अन् कोनं खोडली तं?"
कोणी खोडत नाही.
"शाई?"
लावत नाहीत.
यावर ते बराच वेळ स्वतःच्या बोटाकडे पाहत राहिले.

मग एकेक पत्रक.
पहिल्यावर कुत्र्यासोबत हसणारा माणूस.
बाहेरून येणारे कमी करू म्हणतो.
"तुले काढते?"
मला नाही. माझ्यानंतरच्यांना.
"तुह्यानंतर कोन?"
मी काही बोलले नाही. शेजारच्या अंगणात
कांताकाकूची पल्लवी नर्सिंगचं पुस्तक
हलत हलत पाठ करत होती.

दुसरी म्हणते, दवाखान्यात माणसं भरू.
मागच्या वेळीही हेच म्हणाली होती, फोटोही तोच.
तिसरा मनातलं बोलतो, पण तो येत नाही निवडून.
त्याला दिलं तर मत वाया.

"वाया?" बाबांनी चष्मा काढला.
"डोमाजी ढोके शिलाई मशीनवर उभा होता, एक मत पडलं.
डोमाजी म्हने माहं, बायको म्हने माहं.
कोन खोटं, थे पेटीलेच मालूम.
पन तीनदा मोजलं त्या साहेबानं. एकच होतं, तरी तीनदा."

रात्री झोप आली नाही. मिस्टर कोल आठवले,
वॉर्डाबाहेरच्या बोळात ट्रॉलीवर अकरा तास.
आधी म्हणाले, तुम्ही लोक फार झालात.
पहाटे म्हणाले, ड्यूटी संपली तरी जाऊ नकोस.
दोन्ही वेळा हात माझाच धरलेला.
त्यांचंही मत त्याच शाळेत, त्याच पेटीत.
माझ्या फुलीवर त्यांची फुली बसणार, नाहीतर शेजारी.
कुठलं वाक्य घेऊन जातील ते आत?
आणि मी कुठलं?

सकाळी बाबांना सांगितलं,
माझ्या नावानं अबेना मारेल फुली. घानाची आहे, माझ्याच वॉर्डातली.
"म्हन्जे तिले सांगा लागन?"
हो.
"मत कोनाले सांगत नसते पोरी.
तुह्या मायलेही म्या नाई सांगितलं. तिनंही नाई मले."
माय जाऊन सहा वर्षं झाली,
ते दोघांचं दोघांकडेच राहिलं.

रेंज फक्त पाझर तलावाच्या पाळीवर.
साडेअकराला तिथले सात वाजतात, दारं उघडतात.
बाबा काठी घेऊन सोबत आले, म्हणे साप असतात.
फोन लागला तसे "थांब" म्हणाले,
आणि मोजत मोजत दूर गेले.
खाली कापसात मनोहरची डवरणी चालली होती,
तिकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ,
उभे राहिले, बूथबाहेर उभे राहायचे तसे.

मी नाव सांगितलं.
अबेनाला ऐकू गेलं नाही.
पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.
मनोहरनं बैल थांबवून वर पाहिलं.
बाबांनी दुपट्टा कानांभोवती
आणखी एक वेढा घेतला.

परतताना कोणाला दिलं ते विचारलं नाही.
पांदीशी आल्यावर एवढंच म्हणाले,
"पेन्सिलीले टोक तं असते ना बरोबर?"