पायडल

सुई पायात घुसली होती
आणि मला कळलंच नाही.
रात्री गुरुबाईनं पाहिली, "अहो, हे काय!" म्हणाली,
आणि मी दुसऱ्याच कुणाचा पाय बघावा
तसा बघत राहिलो.

उदगीरला चौबाऱ्यापाशी तीस वर्षं मशीन मारली.
पाय रोज कोसभर हलले असतील,
गेले कुठंच नाहीत.
मग पोरानं मोटर बसवून दिली. पाय गप्प झाले.
लोकांची मापं वहीत लिहिता लिहिता
माझं घ्यायचं राहूनच गेलं.

उपाशीपोटी दोनशे अडतीस.
हाश्मी मॅडम म्हणाल्या, "गोळी तिचं काम करेल, मास्तर,
पण साखर रक्तात ताटकळत उभी आहे
दिवाळीतल्या गिऱ्हाइकासारखी.
मांडीला कामाला लावा, ती तिला आत घेईल."
एवढंच? मला रागच आला.

पहिल्या दिवशी बँकेच्या ओट्यापर्यंत गेलो
आणि बसलो. कुणी बघू नये म्हणून
चप्पल तुटल्याचं सोंग केलं.

आता जेवण झालं की किल्ल्याच्या वेशीपर्यंत,
सोबत घड्याळवाले गफूरमामू, त्यांनाही हीच.
"कुठं चाल्लाव, घरातून हाकललं का?" पानवाला विचारतो.
"साखरंला फिरवायलोय," मामू म्हणतात,
"घरी ठेवली की लई रडती."

पायात बूट. खिशात गुळाचे दोन खडे,
अचानक घाम फुटला तर.
परतल्यावर आरसा जमिनीवर ठेवून
तळवे तपासतो,
नव्या ताग्यातला दोष शोधावा तसे.

गेल्या महिन्यात एकशे चौतीस.
"गेली का?" गुरुबाईनं विचारलं.
जात नसते. उसवत राहते,
आपण टाका घालत राहायचं.
कंबर मात्र दोन इंच उतरली.
माझे लेंगे मीच आवळले, शिलाई घेतली नाही.

परवा मोटरचा पट्टा काढून ठेवला.
पोरगं फोनवर हसलं.
पायडल आधी कुरकुरलं, मग मी.

काल उतारावर बुटात खडा गेला
आणि उजव्याला टोचला.
टोचला!
मामूंच्या खांद्याला धरून बूट काढला.
मग, मॅडमना सांगू नका,
तोच खडा डाव्या तळव्यावर दाबून पाहिला.
डावा अजून मुका आहे.

खडा टाकून दिला नाही.
खिशात ठेवला, गुळाशेजारी.