कपाटातला आरसा

दर बिल्डला आम्ही ओरेगॉनपर्यंत जायचो.
एक स्वल्पविराम हलला तरी
अकरा वर्षांचा कोड मुळापासून आणायचा,
नोकरी सोडून गेलेल्यांच्या कमिटांसकट,
समुद्राखालून,
डंडीतल्या या जुन्या ताग-गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर.
तपासून झालं की रनर सगळं पुसून टाकायचा
आणि पुढच्या स्वल्पविरामाला
रिकामी घागर घेऊन पुन्हा निघायचा.

अडतीस मिनिटं.

तहान लागल्यावर विहीर खणणारे ऐकून होते.
आमची विहीर खणलेलीच होती,
घरात रांजण तेवढा नव्हता.

मार्चमध्ये तो मी बसवला.
फरशी पुसायच्या बादलीशेजारी, कपाटात,
भंगारात निघालेला एक सर्व्हर.
पहिली प्रत रात्रभर उतरत राहिली.
मी कोट पांघरून खुर्चीतच झोपले,
उठले तेव्हा छपरावर सीगल भांडत होते.

दर पाच मिनिटांनी तो ओरेगॉनला विचारतो, नवीन काही?
नसेल तर गप्प.
असेल तर तेवढंच आणतो, वाटीभर.
याला मिरर म्हणतात, पण आरशात आत्ताचा चेहरा दिसतो,
याच्यात पाच मिनिटांपूर्वीचा.
पहिल्याच आठवड्यात इशबेलचा ताजा पुश त्याच्यात नव्हता.
बिल्ड लाल, त्याहून इशबेल लाल.
मग हूक लावला:
तिकडे पुश पडला की इकडे हाक.

सहा मिनिटं.
इशबेलनंच लिंबाचा केक आणला.

मर्डोची गोष्ट मात्र अर्धी राहिली.
तो ती बिल्डाबिल्डानं सांगायचा.
एका बिल्डात त्याचा भाऊ बापाशी भांडून
पीटरहेडहून मासेमारीच्या बोटीवर चढला.
पुढचे दोन बिल्ड वादळ.
ऐन वादळात टेस्ट पडली
म्हणून तेवढं वादळ पुन्हा ऐकलं.
शेवटी ऐकलं तेव्हा भाऊ बर्गनच्या धक्क्यावर उभा होता,
खिशात आईचं पत्र,
न फोडलेलं.

सहा मिनिटांत माणूस मग विसळतो.
फार तर खिडकीतून टे नदीकडे बघतो,
पुलाला खेटून उभे असलेले
पडलेल्या पुलाचे खुंट मोजतो,
सतरापर्यंत गेलं की स्क्रीन हिरवी होते.
मर्डो हेडफोन चढवतो.
मी एकदा विचारणार होते, पत्राचं काय झालं?
पण सरळ विचारायची गोष्ट नव्हती ती,
वाट बघता बघता ऐकायची होती.

आज सकाळी कपाटातली डिस्क भरली.
आरसा आंधळा.
सगळे रनर निमूट ओरेगॉनच्या वाटेला लागले.
दहा मिनिटं झाली, बारा झाली,
मागे खुर्ची करकरली.

"कुठे होतो आपण?"
"बर्गनला."
"हां. तर पाऊस होता..."

जुने लॉग पुसायला दोन मिनिटं लागतात.
कमांड मला पाठ आहे.
मी किटली लावली,
आणि इशबेलला म्हटलं,
बघते, जरा वेळ लागेल.