विनंती थांबा

खाली बोगदा झाला
आणि घाटाला कुणी विचारेनासं झालं.
कंटेनर आता डोंगराच्या पोटातून जातात, दिवे लावून, घाईने.
वर हा उरलाय
डांबरात मधोमध गवताचा भांग पाडून,
एकटा, आणि मला वाटतं, खूश.

साडेसहाच्या फेरीबोटीत
सायकलींचं तिकीट फाडता फाडता पोरगा म्हणाला,
‘वरून? खालून वीस मिनिटांत पोचाल.’
काशिराम भुवड म्हणाले, ‘म्हणूनच.’

भुवड म्हणजे सव्वीस वर्षं एस.टी.चं स्टिअरिंग,
याच घाटाची मुक्कामाची गाडी.
रिटायर झाल्यावर फंडातून गिअरची सायकल घेतली
तेव्हा घरचे म्हणाले, म्हातारा चळला.
मी पलीकडच्या शाळेत गणित शिकवते.
पिशवीत पंक्चरचं सामान, चार भाकऱ्या, सुकटीची चटणी,
आणि चढाला न जुमानणारे गुडघे
असं मी समजत होते, पहिल्या मैलापर्यंत.

दगडांवरचे आकडे शेवाळाने खाल्लेत,
त्यामुळे किती उरलं ते कळत नाही, हे बरंच.
पौषातला मोहोर खालच्या वाडीतून वास पाठवतो
आणि तो आपल्याआधी वळणावर पोचलेला असतो.
एके ठिकाणी दरडीने अर्धा रस्ता नेलाय.
उरलेला अर्धा
दोन सायकलींना पुरून उरतो.

प्रत्येक आंधळ्या वळणावर भुवड तोंडाने हॉर्न देतात.
पोंऽऽ.
समोरून येणार कोण?
एकदा भेकर आलं.
त्याने बाजू दिली.

‘बाई, सव्वीस वर्षांत ही दरी मी बघितली नाय.
रस्ता बघायचा का दरी?
प्याशिंजर बघायचे.
मी आरशात त्यांची तोंडं बघायचो.
सगळी एकदम डावीकडे वळली
की समजायचं, समुद्र दिसला.’
आता ते थांबतात,
पाय टेकतात,
आणि स्वतः डावीकडे वळतात.
खाली खाडीचं तोंड, त्यात एक होडी, हलत नाहीशी.
मी त्यांच्याकडे बघते. आरशासारखी.

माथ्यावर शेड. पत्रा केव्हाच उडालेला,
खांबावर ‘विनंती थांबा’मधलं ‘नंती थां’ शाबूत.
इथून उतार.
अकरा वळणं, एक गाडी नाही, एक माणूस नाही.
याच्यासाठी तर मी गेला दीड तास
फुप्फुसं हातात घेऊन आले.
बोटं ब्रेकवर, मन पाचव्या वळणापाशी.

भुवड घड्याळ बघतात.
‘आठ-वीस. दोन मिनिटं थांबायचं.’
‘कुणासाठी?’
‘थांबा आहे.’

एक मिनिट.
कुठेतरी धनेशाचे पंख, जुन्या पंख्यासारखे.
दुसरं मिनिट संपतासंपता
कातळावरून एक बाई उतरली,
डोक्यावर फाट्यांचा भारा, पदरात काहीतरी गोल.
आम्हाला बघून तिला नवल वाटलं नाही.
‘खाली जाताव?’
‘जातो.’
‘गाडी बंद झाली म्हनतात.’
‘झाली.’
तिने भारा भुवडांच्या कॅरिअरवर ठेवला.
तो मावला नाही, तेव्हा अर्धा माझ्या.
सुंभ तिच्याकडेच होतं.
‘तिकीट?’ भुवड अगदी ड्युटीच्या आवाजात.
तिने पदर सोडला.
तीन आवळे.
एक स्वतःच्या तोंडात टाकला, दोन आम्हाला दिले.

असा तो उतार
आम्ही तिघं चालत उतरलो,
हँडल धरून, ब्रेक किंचित आवळून,
तिच्या नातवाच्या तापाबद्दल
आणि बोगद्यामुळे आटलेल्या विहिरीबद्दल बोलत.
पोंऽऽ, दर वळणाला.
सातव्या वळणावर तीही म्हणाली,
पोंऽऽ,
आणि मग तिलाच हसू आवरेना.

खाली ओढ्यावर पाणी प्यायलो.
आवळ्यानंतरचं पाणी.